आक्काला पाठवायचा व्हिडिओ

आक्काचं पत्र आलं तेव्हा तात्यांनी ते उभ्याउभ्याच वाचलं, मग बसून वाचलं, आणि उत्तर उद्या लिहायचं असं ठरवून टेबलाच्या खणात ठेवून दिलं. तो उद्या वर्ष उलटून गेलं तरी उजाडला नाही. यात आळस नव्हता. आळशी माणसाला निदान झोप तरी गाढ लागते. तात्यांना तो खण उघडायचीच धास्ती बसली होती, आणि चष्म्याची डबी त्याच खणात असल्यामुळे ते बरेच महिने चष्मा उशाखाली ठेवत होते. त्यात चष्म्याची एक काडी गेली.

आक्का म्हणजे तात्यांची थोरली बहीण. दूरच्या गावी मुला-सुनेकडे राहायची. पत्र तसं साधं होतं. "तुझी धाकटी विमान चालवते म्हणे. तू बसलास का तिच्या शेजारी? बाजूच्या खिडकीतून कसं दिसतं ते मला माहीत आहे. पुढच्या काचेतून कसं दिसतं ते लिही. माझे डोळे आता जात चाललेत, डॉक्टरांनी हात टेकले. तेव्हा मोठ्या अक्षरात लिही आणि वेळेत लिही. तुझी नेहमीची तऱ्हा करू नकोस."

नेहमीची तऱ्हा म्हणजे काय, हे सांगायला हवं. तात्यांनी आयुष्यभर एका छापखान्यात प्रुफं तपासली. दुसऱ्यांच्या चुका काढण्यात हयात गेली की माणूस स्वतःचं पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आतच त्यावर काट मारतो. 'प्रिय आक्का' इथपर्यंत तात्यांचं व्यवस्थित चालायचं. पुढे 'तुझं पत्र मिळालं' असं लिहिलं की वाटायचं, मिळालं नसतं तर उत्तर कशाला लिहिलं असतं? काट. 'उत्तराला उशीर झाला, क्षमस्व.' हे तर तिला तारखेवरून कळेलच. काट. असं करत करत कागदावर 'प्रिय आक्का' आणि 'तुझा तात्या' एवढंच उरायचं, आणि मधली जागा तात्यांकडे टक लावून बघत बसायची.

पण खरं घोडं अडलं होतं ते वेगळ्याच ठिकाणी. तात्या धाकटीच्या शेजारी बसलेच नव्हते. धाकटी गावाबाहेरच्या फ्लाइंग क्लबात लोकांना छोटं विमान चालवायला शिकवायची. अनोळखी लोक तिच्या भरवशावर आकाशात जाऊन यायचे, आणि जन्मदाता बाप जमिनीवर. माळ्यावरून डबा काढायचा झाला तरी शिडीवर त्यांच्या पत्नी माई चढायच्या आणि तात्या खाली शिडी धरायचे, तेही डोळे मिटून. सुरुवातीला धाकटी दर सुट्टीला विचारायची, "बाबा, येताय?" तात्यांचा कधी गुडघा असायचा, कधी सर्दी, कधी सोसायटीची मीटिंग. मग ती फक्त वाढदिवसाला विचारू लागली. मग तिने विचारणंच सोडलं. तात्यांना सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं वाटत नव्हतं, हीच तर पंचाईत होती.

शेवटी माईंनीच हे भांडं फोडलं. जेवताना म्हणाल्या, "अहो, त्या आक्कांना दोन ओळी तरी खरडा. बिचाऱ्या डोळे लावून बसल्यात, तेही आता दिसत नसताना."

"कसलं पत्र?" धाकटीने विचारलं.

पत्र खणातून बाहेर आलं. धाकटीने ते वाचलं. ती काहीतरी बोलेल म्हणून तात्या ताटाकडे बघत बसले. ती एवढंच म्हणाली, "मग चला की. व्हिडिओ काढू. आत्याला घरबसल्या दिसेल."

तात्या 'हो' म्हणाले. एक तर कितीतरी दिवसांनी ती 'चला' म्हणाली होती. दुसरं म्हणजे, व्हिडिओ पाठवला की पत्र लिहावं लागणार नव्हतं. ज्या बाईचे डोळे चालले आहेत तिला व्हिडिओ काय दाखवणार, हा प्रश्न त्या टेबलावर कुणालाच पडला नाही. पुढे सगळी इमारत या कामाला लागली, तेव्हा तिथेही कुणाला पडला नाही. माणसं कामाला लागली की त्यांना प्रश्न पडत नाहीत.

वरच्या मजल्यावर शूटिंगवाले राहायचे. लग्नांचे व्हिडिओ काढायचा त्यांचा धंदा. तात्या फक्त एवढंच विचारायला गेले होते की कॅमेरा कुठला घ्यावा. जिन्यात असं काही विचारू नये, हे त्यांना या वयात कळायला हवं होतं.

"घ्यायचा कशाला? माझा छोटा कॅमेरा आहे, रबराच्या वाटीने काचेला चिकटतो," शूटिंगवाले म्हणाले. "पण तात्या, नुसतं विमान उडून काय उपयोग? एंट्री पाहिजे. तुम्ही लांबून चालत येताय, मागे विमान, वाऱ्याने केस उडताहेत..." ते तात्यांच्या डोक्याकडे बघून थांबले. "बरं, मफलर घालू."

"मला एंट्री नको आहे. आक्काला फक्त समोरची काच..."

"काच काय, काच कुठेही दिसते. भावना दिसली पाहिजे."

तेवढ्यात तळमजल्यावरचे विमावाले दूध घेऊन वर येत होते. ते पिशवीसकट थांबले. आयुष्यभर विमा विकल्यामुळे त्यांना प्रत्येक बातमीच्या शेवटी एक वारस दिसायचा. "तात्या, तुमच्या पॉलिसीत चित्रीकरणाचा उल्लेख आहे का?"

"मी प्रवासी म्हणून बसणार आहे हो."

"कॅमेरा हातात आला की प्रवासी संपला. उद्या काही झालं तर कंपनी विचारेल, हे गृहस्थ तिथे काय करत होते?"

"पण काही होणार नाही."

"होईपर्यंत कुणालाच काही होत नसतं," विमावाले म्हणाले आणि दूध सांभाळत निघून गेले. त्या वाक्यावर तात्यांचा आठवडा गेला.

पुढचा अडथळा क्लबचे सचिव. एकेकाळी ते स्वतः विमान चालवायचे. आता फाइली चालवत होते, आणि त्या काही केल्या जमिनीवरून उठत नव्हत्या. धाकटीने परस्पर विचारलं असतं तर काम झालंही असतं, पण "घरच्या माणसाचा अर्ज घरच्या माणसानेच द्यावा" असा काहीसा नियम निघाला आणि तात्या जातीने हजर झाले.

सचिवांनी अर्ज वाचला. "कॅमेरा विमानाला लावणार?"

"काचेला. आतून."

"काच कुणाची?"

तात्या गडबडले. "विमानाची."

"म्हणजे विमानालाच लावणार. मग ते उपकरण झालं. उपकरणाला इंजिनिअरचा दाखला लागतो."

"आणि मी हातात धरला तर?"

"तर ते सामान. सामानाला दाखला लागत नाही, वजन लागतं. तुमचंही करावं लागेल."

तात्यांच्या अंगातला प्रूफरीडर इथे नको तिथे जागा झाला. "पण हातात धरला, आणि हात काचेला टेकला, तर?"

सचिवांनी चष्मा काढून पुसला. या प्रश्नाला फाइलीत जागा नव्हती. चष्मा परत चढवून ते म्हणाले, "असं करा, अर्जात हाताचा उल्लेखच करू नका."

तरीही दाखला लागलाच. तो द्यायला क्लबचा इंजिनिअर आला; त्याला सगळे मेस्त्रीच म्हणायचे. मेस्त्रीने कॅमेरा होकायंत्राजवळ नेला, तशी आतली तबकडी हळूच फिरली. लांब नेला, परत आली. त्याने हे दोनतीनदा करून दाखवलं, जत्रेतल्या जादूगारासारखं. "बघा काका. इथे लावलात तर मॅडम जाणार एकीकडे आणि पोचणार भलतीकडे."

ही माहिती तात्यांनी घरी सांगायला नको होती. माईंनी त्या दिवसापासून कॅमेरा घरातल्या घड्याळापासूनही लांब ठेवायला सुरुवात केली.

अखेर कॅमेऱ्याची जागा ठरली: काचेच्या उजव्या कोपऱ्यात, होकायंत्रापासून दूर, तात्यांच्या नाकासमोर. शूटिंगवाल्यांनी आवाजासाठी एक बारकासा माइक तात्यांच्या हेडफोनच्या गादीत खुपसला आणि शेवटची सूचना दिली. "हा लाल दिवा. लुकलुकत असला की रेकॉर्डिंग चालू. थांबला की सगळं मुसळ केरात. तुम्ही फक्त दिव्यावर नजर ठेवा. बाकी ताई बघतील."

तात्यांना हे फार बरं वाटलं. आकाशाकडे बघा असं कुणी म्हणालं असतं तर त्यांचं धाबं दणाणलं असतं. दिव्याकडे बघायला ते तयार होते.

पहिल्या रविवारी वारा होता. दुसऱ्या रविवारी ढग. तिसऱ्या रविवारी आकाश स्वच्छ होतं, पण शूटिंगवाल्यांना कुणाच्या तरी लग्नाला जायचं होतं आणि एंट्रीशिवाय उड्डाण त्यांना मान्य नव्हतं. त्या पुढच्या खेपेला सगळं जुळून आलं. तात्या मफलर घालून विमानाकडे चालत गेले. "हसा थोडं," शूटिंगवाले ओरडले. तात्या परत मागे जाऊन हसत चालत आले. "आता ताईंकडे बघून हसा." तात्या तिसऱ्यांदा चालले तेव्हा धाकटी पंखाखाली हाताची घडी घालून उभी होती. ती हसली नाही. "बाबा, ऊन चढायच्या आत निघायचंय," म्हणाली.

आत बसल्यावर तात्यांना कळलं की या विमानापेक्षा त्यांच्या बाथरूमला जागा जास्त आहे. गुडघे छातीशी, कोपर धाकटीच्या कोपराला, आणि पोटासमोर एक स्टिअरिंग, जे धाकटीने तिकडचं हलवलं की इकडेही आपोआप पुढेमागे व्हायचं. कुणी अदृश्य माणूस आपल्या मांडीवर बसून विमान चालवतोय असं वाटत होतं. तात्यांनी दिव्यावर नजर ठेवली. दिवा लुकलुकत होता.

इंजिन सुरू झालं आणि सगळं विमान थरथरू लागलं. धावपट्टीवर वेग घेतला, चाकं सुटली, आणि नेमक्या त्याच क्षणी 'फट्' असा आवाज करून रबराची वाटी काचेवरून सुटली. कॅमेरा तात्यांच्या मांडीवर पडला.

"बाबा! पायाशी जाऊ देऊ नका, पेडल अडकतील!" हा आवाज तात्यांनी कधी ऐकला नव्हता. त्यात मुलगी नव्हती, मास्तर होता. तात्यांनी कॅमेरा दोन्ही हातांनी धरला, पुन्हा काचेवर दाबला, आणि तसाच दाबून ठेवला. उजवा हात पुढे ताणलेला, तळवा काचेवर, जणू समोरून येणारी बस अडवताहेत.

"सोडा तो. मांडीवर ठेवा," धाकटी हेडफोनमधून म्हणाली.

"दिवा चालू आहे," तात्या म्हणाले.

"बाबा, खाली बघा, नदी."

"हो, हो. छान. दिवा चालू आहे."

असं ते उड्डाण झालं. खाली उतरल्यावर मेस्त्रीने आणि धाकटीने मिळून तात्यांचा हात काचेवरून सोडवला.

व्हिडिओ शूटिंगवाल्यांनी सजवून आणला. पाहायला तात्यांच्या बैठकीच्या खोलीत अख्खा जिना लोटला. खुर्च्या कमी पडल्या. विमावाले पुढे बसले. सुरुवातीला मफलरवाले तात्या संथ गतीने चालत आले, वरून गुलाबाच्या पाकळ्या पडल्या. मग एका बदामाच्या आकारात तात्या, दुसऱ्यात विमान, आणि दोन्ही बदाम एकमेकांकडे सरकू लागले.

"हे काय?" माई म्हणाल्या.

"तयार साचा असतो तो," शूटिंगवाले म्हणाले. "नवरा-नवरीच्या जागी घातलं. दुसरीकडे कुठे बसेना."

आवाजाची गंमत वेगळीच. माइक तात्यांच्या कानाशी होता, त्यामुळे इंजिनाच्या जोडीला तात्यांचा श्वास ऐकू येत होता, कुणीतरी जुना दरवाजा उघडझाप करतंय तसा. मधूनच "आई गं." मधूनच "दिवा चालू आहे." मग गाणं. चेहऱ्यावर हसू ठेवून तात्या खुर्चीत जितकं खाली सरकता येईल तितके सरकले.

आणि मग समोरची काच दिसली. काचेपलीकडे विमानाचा पंखा फिरत होता. पण तो पंखा सरळ नव्हता. त्याची पाती केळ्यासारखी वाकली होती. वाकता वाकता एक पातं मुळापासून सुटलं आणि काचेवरून तरंगत खाली निघून गेलं. त्याच्या मागे दुसरं.

विमावाले हळूहळू उभे राहिले. "थांबवा. मागे घ्या. हे बघा. हे पातं गेलं."

"ते तसं नसतं," शूटिंगवाले म्हणाले, पण ते कसं असतं हे त्यांना सांगता येईना, कारण लग्नात पंखा छताला असतो.

माईंनी पदर तोंडाला लावला. धाकटी त्या वेळी कामावर होती. ती आल्यावर तिने समजावलं: कॅमेरा सगळं चित्र एका झटक्यात घेत नाही, वरून खाली ओळीओळीने घेतो, एक ओळ घेऊन दुसरीवर यावं तोवर पातं पुढे गेलेलं असतं, म्हणून ते वाकडं दिसतं, पंखा ठणठणीत आहे. तात्यांना हे लगेच पटलं. ओळीओळीने बघणाऱ्याच्या हातून पान निसटतं, हा त्यांचा रोजचा अनुभव होता. पण तोवर विमावाल्यांनी तो भाग फ्लाइंग क्लबला पाठवूनही दिला होता. सोबत लिहिलं होतं: 'एक जबाबदार रहिवासी या नात्याने.'

लेखी तक्रार म्हटल्यावर सचिव खुर्चीत ताठ झाले. पंखा वाकलेला नाही हे त्यांना माहीत होतं, मेस्त्रीला माहीत होतं, पंखा समोर सरळ उभा होता. पण तक्रार लेखी होती आणि पंखा नुसताच खरा होता. मेस्त्रीने पंखा उतरवला, मोजला, परत बसवला. धाकटीच्या शिकाऊ लोकांना घरी पाठवलं. तिच्याकडून लेखी खुलासा मागवला. बरेच दिवस ती क्लबातल्या बाकावर बसून होती.

एका संध्याकाळी ती घरी येऊन बूट काढता काढता म्हणाली, "मी तिथे इतकी वर्षं काम करते. आज मला सगळ्यांसमोर विचारलं, तुमच्या घरून तक्रार कशी आली?"

"घरून नाही गं, तळमजल्यावरून," तात्या म्हणाले.

"पत्ता एकच आहे, बाबा."

खाली जाऊन विमावाल्यांना चार शब्द सुनवावेत असं तात्यांनी ठरवलं. ते गेलेही. विमावाल्यांनी दार उघडलं, हात धरून आत बसवलं, चहा पाजला आणि म्हणाले, "आभार मानायला आलात ना? अहो, शेजारधर्म आहे." तात्या आभार मानून परत आले.

मधल्या काळात शूटिंगवाल्यांनी व्हिडिओ आक्काच्या सुनेच्या फोनवर धाडला होता. निदान ज्याच्यासाठी हे सगळं झालं ते तरी झालं, एवढंच तात्यांचं समाधान. सुनेचा फोन आला तेव्हा त्यांनी तो मोठ्या आशेने कानाला लावला.

"मामा, व्हिडिओ पाहिला हं आम्ही. मुलांना फार आवडला. त्या पाकळ्या छान पडतात."

"आणि आक्का?"

"आईंना पडद्यावरचं नुसतं काहीतरी हललेलं कळतं. मी सांगत होते, आता ढग, आता मामा. त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, त्याने काही लिहिलंय का सोबत? मी म्हटलं, नाही."

मागून आक्काचा आवाज आला. आवाज काही कमी झाला नव्हता. "त्याला सांग, मी पत्र विमानाला लिहिलं नव्हतं!"

"ऐकलंत ना?" सून हळू आवाजात म्हणाली. "मामा, जाड शाईचं अक्षर कागद डोळ्याशी धरून अजून वाचतात त्या. डॉक्टर म्हणाले, आता फार दिवस नाही जमणार. लिहायचं असेल तर..."

तात्यांनी फोन ठेवला आणि टेबलाशी बसले. कागद घेतला. जाड पेन घेतलं. 'प्रिय आक्का' लिहिलं. पुढच्या काचेतून कसं दिसतं? त्यांनी डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला. एक लाल दिवा लुकलुकत होता. बाकी काही नाही. नदी होती म्हणे. ते वर जाऊन आले होते, त्याला वजनाची नोंद होती, दाखला होता, गाणं होतं, पाकळ्या होत्या, आणि त्यांनी काहीही पाहिलं नव्हतं. ओळीओळीने चुका शोधत अख्खं पुस्तक तपासावं आणि शेवटी कुणी विचारावं, गोष्ट काय होती हो? तसं झालं होतं. छापखान्यात हे अनेकदा झालं होतं. तिथे त्याचा पगार मिळायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या क्लबात गेले. धाकटीला परत उडायची परवानगी मिळाली होती. ती विमानापाशी उभी राहून कापडाने काच पुसत होती. तात्या काही अंतरावर उभे राहिले. मेस्त्री म्हणाला, "काका, आज काय लावायचंय?"

"काही नाही," तात्या म्हणाले. मग धाकटीजवळ गेले. वाक्य त्यांनी रस्ताभर घोळवलं होतं, चांगलं जमलं होतं, पण तोंडातून भलतंच निघालं. "तुला वेळ असला तर... नसला तर राहू दे... मला जरा वर घेऊन जातेस?"

धाकटी काच पुसायची थांबली. "कॅमेरा?"

"नको."

"गुडघा?"

"दुखतोय. असू दे."

आत बसल्यावर तात्यांच्या हातांना कामच उरलं नाही, आणि रिकामे हात पट्ट्याचं बक्कल उघडत-लावत राहिले. धाकटीने ते पाहिलं. तिने एक जाड पुठ्ठ्याचा तक्ता त्यांच्या हातात दिला. "उडायच्या आधी हे एकेक तपासायचं असतं. रोज मीच वाचते आणि मीच बघते. आज तुम्ही वाचा, मी बघते."

तात्यांनी तक्त्यावर नजर टाकली आणि त्यांचे हात थांबले. छापखान्यात त्यांनी उभा जन्म हेच केलं होतं. एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने छापलेल्यावर बोट ठेवून बघायचं आणि बरोबर असलं की 'हं' म्हणायचं. 'हं' आल्याशिवाय पुढे जायचं नाही, मग समोर मालक असो नाहीतर यमराज. वाचताना चिन्हंसुद्धा सोडायची नाहीत. तात्यांनी घसा साफ केला.

"दारं, स्वल्पविराम, बंद, पूर्णविराम."

धाकटी दाराच्या कडीवर हात ठेवून त्यांच्याकडे बघत राहिली.

"हं म्हण," तात्या म्हणाले.

"हं."

"पट्टे, स्वल्पविराम, आवळलेले, पूर्णविराम."

"हं."

"इंधनाची कळ, स्वल्पविराम, दोन्ही टाक्या, पूर्णविराम."

"हं. बाबा, जरा भराभर वाचलं तरी चालेल."

"भराभर वाचल्यानेच चुका राहतात," तात्या म्हणाले. या विमानात त्यांनी ठामपणे बोललेलं हे पहिलंच वाक्य. बाहेर मेस्त्री कान देऊन ऐकत उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर, पूर्णविराम आला की आपणही 'हं' म्हणावं की काय, असा भाव होता.

मग ते उडाले. या वेळी तात्यांकडे दिवा नव्हता, त्यामुळे नाइलाजाने त्यांना बघावं लागलं.

पत्र त्यांनी त्याच दुपारी लिहिलं. जाड पेनाने, एका पानावर मोजक्याच ओळी मावतील इतक्या मोठ्या अक्षरात.

'प्रिय आक्का, पुढच्या काचेतून सुरुवातीला काही म्हणजे काहीच दिसत नाही. विमानाचं नाक वर असतं, आणि समोर नुसतं आकाश, कोऱ्या कागदासारखं. मी फार घाबरलो. मग नाक खाली येतं आणि सगळं एकदम दिसतं. पंखा सरळ आहे; फिरताना दिसतच नाही. आमचं घर मला सापडलं नाही. धाकटीने दाखवलं ते मला आपलं वाटलं नाही, म्हणून मी दुसरंच एक बघून घेतलं. नदी मात्र खरी आहे. धाकटी स्टिअरिंग नुसत्या दोन बोटांनी धरते, तू सुई धरायचीस तशी. आणि आक्का, तुला म्हणून सांगतो, तिला माहीत नाही: ती विमान चालवताना गुणगुणते. घरात कधी गुणगुणत नाही. हेडफोनमधून सगळं ऐकू येतं. सूर अजिबात लागत नाही, अगदी तुझ्यासारखा. मी समोर बघायचं सोडून बराच वेळ तेच ऐकत होतो, म्हणून समोरचं इतकंच लिहिता येतंय. परत येताना मी तिला म्हटलं की'

इथे माईंनी हाक मारली, "अहो, टपाल निघायची वेळ झाली. आज टाकलं नाहीत तर उद्या तुम्ही ते तपासत बसाल."

तात्या दचकले. हे खरं होतं. त्यांनी 'तुझा तात्या' लिहिलं, कागदांची घडी घातली, पाकीट चिकटवलं आणि चपला पायात सरकवून निघाले. जिन्यात विमावाले भेटले. "काय तात्या, रजिस्टर्ड करताय ना? नाहीतर उद्या पोचलं नाही तर..." तात्या थांबले नाहीत. वरून शूटिंगवाले म्हणाले, "तात्या, त्या व्हिडिओचं मी छोटं रूप..." तात्या तरीही थांबले नाहीत. त्यांना ठाऊक होतं, थांबलो तर पाकीट उघडू.

पेटीशी पोचल्यावर त्यांनी पाकीट फटीत अर्धं घातलं, बाहेर काढलं, पत्ता वाचला, पुन्हा घातलं आणि सोडलं.

कोपऱ्यापर्यंत आल्यावर लक्षात आलं की शेवटचं वाक्य अर्धंच राहिलं आहे. आणि आत कुठेतरी 'स्टिअरिंग' बहुतेक चुकलं आहे. ते मागे फिरले. पेटीला चांगलं जाडजूड कुलूप होतं. तात्यांनी ते हलवून बघितलं. पक्कं होतं.

"हं," तात्या म्हणाले, आणि घरी गेले.